जुन्या कॅम्पर व्हॅनला टायर आणि शॉकअप घ्यायचेत? आधी वजनकाट्यावर जा

सध्या नाशिकमध्ये जुन्या ट्रॅव्हलर, विंगर, ओमनी अशा व्हॅन घेऊन त्यात बेड, ओटा, पाण्याची टाकी बसवायचं वेड जोरात आहे आणि चांगलंच आहे ते, पण आतल्या लायटिंगवर महिनाभर डोकं चालवणारे लोक टायरच्या दुकानात गेले की दहा मिनिटांत "जे आहेत तेच टाका भाऊ" म्हणून मोकळे होतात. नाहीतर दुसरं टोक, जीपसारखे दिसणारे जाड गोट्यांचे टायर टाकायचे आणि मग कसारा घाट उतरताना स्टिअरिंग का ओढतंय ते शोधत बसायचं. शॉकअपचं तर त्याहून अवघड. गाडी मागून बसली की शॉकअप बदला, हा सल्ला कुठल्याही टपरीवर फुकट मिळतो आणि तो चुकीचा आहे, का ते पुढे सांगतो.

मुळात एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ट्रॅव्हलर शाळेला किंवा कंपनीला लागलेली असते तेव्हा ती सकाळी भरते, दुपारी रिकामी होते. कॅम्पर कधीच रिकामा होत नाही. तुम्ही तो घरासमोर पार्किंगमध्ये उभा केलात तरी फर्निचर, बॅटरी, टाकी, सिलेंडर सगळं चोवीस तास त्याच टायरवर आणि त्याच पाट्यांवर (एक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसलेलं असतं. म्हणून टायर आणि शॉकअपचा विचार ब्रँडपासून नाही, वजनापासून सुरू होतो.

वजन किती वाढतं याचा अंदाज लोकांना येत नाही. सुतार सरसकट १८ एमएमचा प्लाय वापरतो, त्याची एक आठ बाय चारची शीट तीस किलोच्या वर जाते, आणि बेड, कपाट, ओटा धरला तर अशा सहा-सात शीट सहज लागतात. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे १०० लिटरची टाकी भरली की शंभर किलो, आणि ती टाकी बहुतेक वेळा मागच्या चाकाच्याही मागे बसवलेली असते, त्यामुळे मागच्या एक्सलवर तिचा भार शंभरपेक्षा जास्तच पडतो आणि पुढचा एक्सल उलट हलका होतो. घरचा १४.२ किलोचा सिलेंडर, गॅस आणि लोखंड मिळून, तीस किलोच्या आसपास. इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी एकटी पन्नास-साठ किलो. लिथियमची १०० एएचची बारा-तेरा किलोत येते, महाग आहे, पण वजनाचा प्रश्न असेल तर पहिला पैसा तिथे घाला असं माझं मत. वर रूफ कॅरिअर, सोलर, ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छत), दोन सायकली. बघता बघता पाच-सहाशे किलो झाले की नाही?

तर पहिलं काम वजनकाटा. आडगाव नाक्याकडून ट्रक टर्मिनलच्या बाजूला जा, अंबड-सातपूर एमआयडीसीत जा, काटे भरपूर आहेत. गाडी प्रवासाला निघताना असते तशी भरून न्या, टाकी फुल, डिझेल फुल, सामान आत, आणि माणसं पण आत. काटेवाल्याला नीट सांगा की तीन वजनं पाहिजेत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग पुढे सरकवून फक्त मागची चाकं. तो म्हणेल "शेठ, पूर्ण गाडीचं घ्या ना, एवढं कशाला", त्याला ट्रकची सवय असते, त्याला हसून तीन पावत्यांचे पैसे द्या आणि तीन वजनं घ्या. जमलंच तर चौथं पण घ्या, गाडी एका बाजूला घेऊन फक्त डावी चाकं काट्यावर आणि उजवी बाहेर, पण बाहेरची जमीन काट्याच्या लेव्हलला असेल तरच, नाहीतर आकडा खोटा येतो. हे चौथं वजन का, तर ओटा, टाकी, फ्रिज सगळं एकाच बाजूला असलेल्या गाड्या मी खूप पाहिल्यात, त्यात एका बाजूचा टायर दुसऱ्यापेक्षा शंभर-सव्वाशे किलो जास्त ओढत असतो आणि मालकाला पत्ताच नसतो.

पूर्ण वजन आरसीवरच्या जीव्हीडब्ल्यूच्या, म्हणजे भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाच्या वर गेलं असेल तर टायर मोठे टाकून ते कायदेशीर होत नाही, ब्रेक तेवढेच आहेत, एक्सल तेवढाच आहे. आधी सामान काढा, टाकी अर्धी ठेवा, प्लाय १२ एमएमचा करा. हे कोणाला ऐकायचं नसतं, पण आहे ते आहे.

आता टायर. साइडवॉलवर सगळं लिहिलेलं असतं, फक्त वाचायचं. समजा २१५/७५ आर १५ लिहिलंय, म्हणजे रुंदी २१५ एमएम, उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १५ इंची. त्याच्या पुढे १०९/१०७ असं काहीतरी असतं, तो लोड इंडेक्स, आणि कॅम्परवाल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच. पहिला आकडा सिंगल चाकासाठी, दुसरा मागे डबल चाकं असतील तर. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १०००, १०९ म्हणजे १०३०, ११२ म्हणजे ११२०. समजा काट्यावर मागच्या एक्सलचं वजन १९०० आलं. भागिले दोन, ९५०, मग १०६ चालेल असं वाटतं, पण ओट्याच्या बाजूला हजार आणि दुसऱ्या बाजूला नऊशे असेल तर १०६ वाला टायर एका बाजूला रोजच ओव्हरलोड आहे. १०८ घेतला तर अगदी काठावर, म्हणून तिथे १०९ च्या खाली मी जाणार नाही, त्याच साइजमध्ये ११२ मिळाला तर आणखी छान.

त्यासोबत एलटी किंवा साइजच्या शेवटी सी लिहिलंय का बघा, हे व्हॅन आणि छोट्या मालवाहू गाड्यांचे टायर, साइडवॉल जाड असते. ६पीआर, ८पीआर, १०पीआर हे टायर किती तगडा त्याचं माप, पूर्वी खरंच तेवढे कापडाचे थर असायचे, आता तो फक्त ताकदीचा आकडा राहिलाय. युरोपात तर कॅम्परसाठी सीपी नावाचा वेगळाच टायर मिळतो, कारण तिकडेही हेच दुखणं, गाडी कायम मर्यादेच्या जवळ भरलेली आणि महिनोन्‌महिने एका जागी उभी. आपल्याकडे दुकानात सीपी मागितलात तर दुकानदार तुमच्याकडे बघत बसेल, त्यामुळे आपल्यासाठी चांगला ८पीआरचा एलटी किंवा सी हाच मार्ग. एसयूव्हीचा टायर त्याच साइजमध्ये स्वस्त आणि मऊ मिळतो म्हणून भुलू नका, घाटात वळणावर त्याची साइडवॉल मुडपते आणि गाडी डुलते, मग लोक शॉकअपला शिव्या देतात.

ओमनीवाल्यांनी तर जास्तच जपा. बिचारीची चाकं १२ इंची, त्यात कोणी पूर्ण किचन बसवलं की टायरला श्वास घ्यायला जागा राहत नाही. ओमनी २०१९ ला बंद झाली, टायर अजून मिळतात, पण कारचा आणि एलटीचा असे दोन्ही प्रकार दुकानात असतात, एलटीच घ्या.

साइज वाढवायची खाज असेल तर हिशोब करा. २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०३ एमएम, २२५/७५ चा ७१८, म्हणजे दोन टक्के फरक, चालून जातो. २३५/७५ केला तर ७३३, चार टक्क्यांच्या वर गेलात, स्पीडोमीटर कमी दाखवणार, चढाला इंजिन रडणार, जुन्या डिझेलला आधीच कसारा चढताना घाम फुटतो, आणि पूर्ण वळवलं की चाक आत घासणार. शिवाय मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालत नाही हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय, आणि पंधरा वर्षांची गाडी पेठ रोडच्या आरटीओत रिन्यू करायला न्याल तेव्हा फेंडरच्या बाहेर आलेले टायर पहिले डोळ्यात भरतात.

तारीख बघणे. हे दुकानात बसून करायचं काम, बिल झाल्यावर नाही. डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हे पूर्ण चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि बसवणारा नेमकी ती बाजू आत टाकतो, मग गाडीखाली मोबाईलची टॉर्च घेऊन आडवं पडावं लागतं. म्हणून बसवायच्या आधी चारही टायर जमिनीवर आडवे ठेवायला लावा आणि एकेक वाचा. व्हॅनच्या साइजला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे माळ्यावर पडून असलेला दोन-तीन वर्षं जुना माल निघायची शक्यता कारच्या टायरपेक्षा जास्त. सहा महिन्यांच्या आतला असेल तर डोळे झाकून घ्या, वर्षाच्या वर असेल तर भाव पाडा, दोन वर्षांच्या वर असेल तर दुसरं दुकान. आपला सीएटचा कारखाना सातपूरलाच आहे, पण म्हणून नाशिकच्या दुकानात ताजाच माल येतो असं काही नाही हां, व्हॅनच्या साइजचा टायर कुठूनही फिरून आलेला असू शकतो.

कॅम्परचे टायर घासून नाही मरत, उभे राहून मरतात. नक्षी नवीकोरी दिसते आणि साइडवॉलला बारीक बारीक चिरा. नखाने त्या चिरेत दाबून बघा, टायरची थोडी हवा काढून तो दबू दिला की चिरा उघडतात आणि नीट दिसतात. नक्षीच्या खाचेत टीडब्ल्यूआयचे उंचवटे असतात, १.६ एमएमची खूण, तिथपर्यंत घासला तर संपला, पण नाशिक-इगतपुरी पट्ट्यातला पाऊस बघता मी ३ एमएमलाच बदलेन. आणि नक्षी कितीही असली तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी उतरवून तपासा, भरलेल्या कॅम्परला सहा-सात वर्षांच्या वर तेच टायर चालवायचं धाडस मला तरी होत नाही. स्टेपनी पण याच हिशोबात धरा. जुनी गाडी घेतलीत तर स्टेपनीची तारीख बघा एकदा, गाडीच्या पहिल्या मालकाच्या काळातली निघते.

नक्षी कुठली? ज्याचं ८०-९० टक्के चालवणं महामार्गावर, त्याने साधी हायवे नक्षी घ्यावी, आवाज कमी, ओल्यात पकड चांगली. भंडारदऱ्याला, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, वाडीतल्या कच्च्या रस्त्याने जाणारे असाल तर ऑल टेरेन घ्या, पण एलटी लोड इंडेक्स सोडू नका. एक मात्र सांगतो, निफाड-दिंडोरीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ऑल टेरेन पण काही करत नाही, ती माती खाचांत भरून टायर गुळगुळीत गोळा होतो आणि अडीच-तीन टनाची गाडी रुतते, तिथे टायर नाही ट्रॅक्टर लागतो. द्राक्षबागेशेजारी कॅम्प टाकायची हौस असेल तर गाडी डांबरावर ठेवा.

नायलॉन (रेडियल नसलेले, जुन्या पद्धतीचे) आणि रेडियल टायर एका एक्सलवर मिसळू नका, खरं तर पूर्ण गाडीलाच मिसळू नका. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर रबर चढवलेला, कॅम्परला नको. दोनच टायर घ्यायचे बजेट असेल तर आपल्याकडे सगळे नवे पुढे टाकतात, मी मागे टाकायला सांगेन, वजन मागे आहे आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर सावरता येत नाही. अर्थात पुढचे इतके खराब असतील की भीती वाटते, तर मग दोन घ्यायची वेळ निघून गेली, चार घ्या.

हवेचं. टायरवर लिहिलेला लोड इंडेक्स हा पूर्ण हवेचा असतो, हवा कमी तर वजन पेलायची ताकद पण कमी. ८पीआरच्या व्हॅन टायरची पूर्ण हवा साधारण ६५ पीएसआय असते, आणि पेट्रोल पंपावरचा पोऱ्या सवयीने ३५ भरून मोकळा होतो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा आकडा आणि टायर कंपनीचा लोड-प्रेशरचा तक्ता, या दोन्हीला तुमचं काट्यावरचं वजन लावून पुढची आणि मागची हवा वेगवेगळी ठरवा, आणि तो आकडा मार्करने चाकाच्या आर्चच्या आत लिहून ठेवा म्हणजे वाद नको. हवा टायर थंड असताना बघायची. समृद्धीवर दुपारी तासभर काँक्रीटवर चालवून मग मोजली तर चार-सहा पॉइंट जास्त दिसणारच, ती काढायची नाही, काढलीत तर संध्याकाळी थंड झाल्यावर कमी पडते आणि कमी हवेचाच टायर गरम होऊन फुटतो. साधे रबरी वॉल्व्ह ६५ पर्यंतचेच असतात, त्याच्या जवळ किंवा वर हवा ठेवणार असाल तर धातूचे वॉल्व्ह बसवून घ्या, किरकोळ पैसे आहेत. जुन्या रिमला कडेला गंज असतो, तिथून हवा झिरपते, तारेच्या ब्रशने साफ केल्याशिवाय नवीन टायर चढवू देऊ नका, आणि "ट्यूब टाकून देतो ना" याला नाही म्हणा.

आता शॉकअप. गाडीचं वजन पाटे उचलतात, शॉकअप नाही. शॉकअपचं काम फक्त पाट्यांची उसळी जिरवायचं, आत तेल आहे, पिस्टनच्या बारीक छिद्रातून ते दाबून जातं आणि झोकांडी थांबते, बास. त्यामुळे गाडी मागून बसलीय हे पाट्यांचं दुखणं आहे. चाकाच्या मध्यापासून आर्चच्या कडेपर्यंत टेप लावा, डावी-उजवी दोन्ही. एका बाजूला इंचभर खाली असेल तर आधी सामान सरकवा, मग पाटेवाला. पाटेवाले जुन्या पाट्याला ठोकून पुन्हा कमान देतात, काही महिने छान वाटतं मग हळूहळू परत बसतात, त्यापेक्षा नवीन पाटे किंवा एखादा हेल्पर पाटा. रिकाम्या गाडीत जास्तीच्या पाट्याने दणके बसतात, पण आपली रिकामी असतेच कुठे. सेंटर बोल्ट, यू बोल्ट आणि पाट्याचे बुश त्याच वेळी नवे.

पाटे आधी, शॉकअप नंतर, हा क्रम उलटा करू नका. कारण पाटे बदलले की गाडी वर येते आणि शॉकअपची लांबी चुकते. गाडी चारही चाकांवर, भरलेली, सपाट जागी उभी करून शॉकअपच्या वरच्या डोळ्यापासून (बोल्ट जातो ते भोक) खालच्या डोळ्यापर्यंत माप घ्या. नवा शॉकअप पूर्ण बंद किती आणि पूर्ण उघडा किती हे बॉक्सवर किंवा दुकानात मोजून कळतं, तुमचं माप या दोन्हीच्या साधारण मध्ये यायला हवं. काठावर आलं तर खड्ड्यात एकतर आतून ठोकेल नाहीतर ताणून तुटेल.

जुना शॉकअप गेलाय कसं ओळखायचं? कार दाबून सोडायची, किती वेळा हलते बघायचं, ती युक्ती भरलेल्या व्हॅनवर चालत नाही, पाटे इतके कडक की तुम्ही लटकलात तरी हलणार नाही. त्यापेक्षा हे करा. पाथर्डी फाट्याकडून आतल्या खराब रस्त्याने सात-आठ किलोमीटर गाडी हाणा, खराब रस्ता शोधावा लागत नाही, सिंहस्थाच्या कामांनी निम्मं शहर खोदलेलंच आहे, मग लगेच उतरून चारही शॉकअपच्या नळीला हात लावा, सायलेन्सर सांभाळून. काम करणारा कोमट-गरम लागतो, मेलेला थंड. तीन गरम आणि एक थंड, म्हणजे तो एक गेला. तेलाची नुसती ओलसर धूळ असेल तर घाबरू नका, पुसून घ्या आणि आठवड्याने बघा, पण नळीवरून ओघळ आलेला आणि त्यावर मातीचा लगदा बसलेला असेल तर संपला विषय. टायरवर हात फिरवला आणि जागोजागी खळगे लागले तरी शॉकअपवर संशय घ्या. आणि मोठी ट्रक शेजारून गेली की गाडी बराच वेळ डुलत राहत असेल तरी तेच.

बदलताना एका एक्सलचे दोन्ही, एक कधीच नाही. प्रकार म्हणाल तर साधा तेलाचा, गॅस भरलेला ट्विन ट्यूब (नळीत नळी), आणि मोनोट्यूब (एकच नळी). साध्या तेलाचा लांबलचक खराब रस्त्यावर फेस होतो आणि तो ढिला पडतो, गॅसवाल्यात हे कमी. मोनोट्यूब भारी, थंड पण लवकर होतो, पण त्याच्या नळीला दगड लागून खड्डा पडला की पिस्टनच अडकतो, कच्च्या रस्त्यावर हा धोका आहेच. माझी पसंती जुन्या व्हॅनला गॅसचा हेवी ड्यूटी ट्विन ट्यूब. गॅब्रिएलचा एक कारखाना आपल्या अंबडला आहे, त्यांचेच घ्या असं नाही म्हणत, पण ओळखीचा ब्रँड, सील केलेला बॉक्स आणि बिल हवं, कारण शॉकअपमध्ये डुप्लिकेट माल आणि जुन्यालाच रंग मारून विकणं दोन्ही चालतं. उभा धरून चार-पाच वेळा दाबून-ओढून घ्या आणि मग हाताने ओढून बघा, पूर्ण प्रवासात सारखा जोर लागला पाहिजे, मध्येच एकदम मोकळा सुटला किंवा चुक चुक आवाज आला तर परत द्या.

बसवताना मिस्त्रींकडून दोन गोष्टी करून घ्या, उभं राहून. ट्विन ट्यूब शॉकअप आडवा पडून आलेला असतो, बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा-ओढायचा, आतली हवा निघते. दुसरं, रबरी बुशचे नट गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण आवळायचे नाहीत, गाडी चाकांवर खाली आली की मग फायनल टाइट, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. "दादा, आम्ही रोज असेच बसवतो" असं ऐकू येईल, "माझ्यासाठी आज असं करा" म्हणायचं, चहा सांगायचा.

मग अलाइनमेंट, आणि ती गाडी भरलेली असताना, कारण रिकाम्या गाडीत केलेली अलाइनमेंट तुमच्या गाडीला कधी लागूच होणार नाही. मोठ्या व्हॅनला सगळ्या कारच्या मशीनवर घेत नाहीत, आधी फोन करून विचारा. बॅलन्सिंग सोबतच.

पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाकाचे नट आणि यू बोल्ट परत टॉर्कने आवळून घ्या. पहिली चक्कर जवळची मारा, वणी किंवा त्र्यंबक, वाटेत थांबून हात लावून बघा कुठला टायर इतरांपेक्षा जास्त तापतोय. आणि निघायच्या आधी जॅक तपासा, मूळ गाडीसोबतचा जॅक भरलेल्या कॅम्परला पुरेलच असं नाही, पाच टनी बॉटल जॅक आणि खाली टाकायला जाड फळी बेडखाली नको, बाहेरून हाताला येईल अशी ठेवा, पावसात अख्खं सामान उपसून स्टेपनी काढायची वेळ आली तर घरचे परत गाडीत बसणार नाहीत.